शेजाऱ्याच्या भिंतीवर झुकलेलं झाड

झाड शेजाऱ्याच्या भिंतीकडे कललं की सगळ्यांच्या नजरा भिंतीवर खिळतात. तडा गेलाय का, फांदी पत्र्याला घासतेय का, पलीकडची माणसं काही बोलतील का. अलीकडे कुणी बघत नाही. वास्तविक कललेल्या झाडाला ओढून धरणारी मुळं कलाच्या उलट बाजूला असतात, म्हणजे तुमच्याच अंगणात. मांडवाचा खांब एका अंगाला झुकला की दुसऱ्या अंगाचा दोर त्याला तोलून धरतो, तेच काम ही मुळं करतात. आणि आपण नेमकं तिथेच सेप्टिक टँकचा खड्डा खणतो, नळाच्या पाइपासाठी चारी मारतो, गाडी उभी करायला काँक्रीट ओततो. पुढे दोन-तीन पावसाळ्यांनी झाड पलीकडे कोसळतं, आणि ‘वादळच तसं होतं’ म्हणून आपण मोकळे होतो.

नंदुरबार जिल्ह्यात या गोष्टीकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं, कारण इथली जमीन. तापीच्या खोऱ्यातली, नंदुरबार-शहादा-तळोद्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात. पाणी मिळालं की तीच फुगते आणि लोण्यासारखी मऊ होते. पारा चाळिशीच्या वर गेलेल्या दिवसांत मुळांभोवतीची माती सुटलेली असते. मग वळवाचा पाऊस येतो, भेगांतून पाणी थेट खाली उतरतं आणि सोबत वावटळ असते. झाडं उन्मळतात ती बहुधा अशा वेळी, किंवा ऑगस्टात, चार-पाच दिवसांच्या झडीनंतर जमीन तुडुंब भिजली असताना. म्हणून झाड बघायचा महिना फेब्रुवारी किंवा मार्च. मे उजाडल्यावर बघितलं तर परवानगीचे कागद हलेपर्यंत पावसाळा दारात येतो.

आता बघायचं काय? पहिली गोष्ट, कल जुना आहे की नवा. लहानपणापासून उजेडाच्या ओढीने वाकलेलं झाड ओळखू येतं. त्याचं खोड बुंध्याशी तिरकं असतं, पण वर जाता जाता सरळ होत गेलेलं असतं. शेंडा आकाशाकडे वळलेला असतो. अशा झाडाने आपला तोल स्वतःच सांभाळलेला असतो. रुंद पानांची झाडं कलाच्या वरच्या अंगाला ताण सोसणारं खास लाकूड तयार करतात, आणि त्या बाजूची मुळंही जाड होतात. असं झाड पन्नास वर्षं तसंच उभं राहू शकतं. उलट खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काठीसारखं सरळ आणि अख्खं तिरकं असेल, तर ते झाड सरळ वाढलं आणि नंतर कधीतरी कललं, असा त्याचा अर्थ. काळजी करायची ती या दुसऱ्या प्रकारची.

यानंतर खाली वाका आणि कलाच्या उलट बाजूची माती बघा. तिथे जमीन थोडी उचलल्यासारखी, फुगवटा आल्यासारखी दिसते का? बुंध्याभोवती अर्धगोल भेग आहे का? उन्हाळ्यातल्या भेगा सगळ्या अंगणभर असतात, आडव्या-उभ्या कशाही. मुळं सुटल्याची भेग मात्र बुंध्याला वळसा घालते. दोन्हींतला फरक एकदा कळला की चुकत नाही. बुंध्याला, जमिनीलगत, कडक कवचासारखी तपकिरी अळंबी उगवलेली दिसली तर आतलं लाकूड किंवा मुळं कुजत आहेत असं समजा, मग वर पानं कितीही हिरवीगार असोत. गुलमोहर आणि सुबाभळीवर ही अळंबी बऱ्याचदा दिसते. लाकडी हातोडीने खोड ठोकून बघा. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ झालेलं ढोलासारखं घुमतं.

कल मोजायला गवंड्याचा ओळंबा पुरतो. कलाच्या बाजूने खोडावर जमिनीपासून दोन मीटर उंचीवर ओळंबा धरायचा आणि तो जमिनीला टेकतो तिथपासून बुंध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. ते अर्ध्या मीटरच्या पुढे गेलं तर कल साधारण पंधरा अंशांचा झाला, आणि एवढ्या कलाचं झाड जाणकाराला दाखवावं असा ढोबळ नियम आहे. मात्र आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा. खोडावर दोन मीटरची खूण रंगाने करून ठेवा, ओळंबा टेकतो तिथे खुंटी ठोका, आणि दर महिन्याला त्याच जागेवरून फोटो काढा. दहा वर्षं वीस अंशांवर असलेलं झाड आणि गेल्या पावसाळ्यापासून पाच अंश सरकलेलं झाड यांत दुसरं जास्त धोक्याचं.

जात कोणती, हेही बघा. कडुनिंब आणि चिंच घट्ट पाय रोवणारी झाडं. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, तो उन्मळण्याआधी मोडतो. गुलमोहर दिसायला देखणा, पण मुळं उथळ आणि पसरट. मूळचा मादागास्करचा हा पाहुणा भिंतीपासून दोन हातांवर लावण्याची हौस आपल्या वसाहतींमध्ये का आहे, मला कधी समजलं नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या कलमी आंब्याचा एक वेगळाच घोटाळा असतो. रोप फार दिवस पिशवीत राहिलं की मुळं आतल्या आत गोल फिरतात, आणि लावल्यावरही तशीच गुंडाळलेली राहतात. असं झाड दहा वर्षांनी वाऱ्यात डुलायला लागतं, कारण त्याने जमीन कधी धरलेलीच नसते. भिंतीच्या सांध्यात उगवलेलं पिंपळ-उंबराचं रोप ही तर गंमत समजूच नये. ते बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा.

भिंतीच्या तड्याबद्दल एक सांगायला हवं, कारण भांडणाचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. तडा दिसला की शेजारी म्हणतो, तुमच्या झाडाची मुळं. असूही शकेल. मूळ जाड होताना हलकी भिंत उचलतं, तेव्हा तडा मुळाच्या बरोबर वर असतो आणि खाली खणलं की मूळ हाताला लागतं. पण काळ्या मातीवर, उथळ पायावर बांधलेल्या कंपाउंडला झाड नसतानाही तडे जातात. उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसाळ्यात मिटणारा तडा हा मातीच्या आकसण्या-फुगण्याचा. झाड त्यात भर घालतं, कारण ते मातीतलं पाणी ओढून घेतं. लंडनच्या चिकण मातीत १९७६ च्या दुष्काळात असंच झालं होतं. घरांना तडे गेल्याचे विम्याचे दावे मोठ्या संख्येने आले, आणि झाड व माती यांच्या नात्याचा तिथे गांभीर्याने अभ्यास सुरू झाला. त्यातून कळलेली एक गोष्ट आपल्यालाही लागू पडते. मोठं झाड एकदम काढून टाकलं की त्याने शोषलेलं पाणी मातीत पुन्हा साठतं, माती फुगते, आणि झाड असताना ज्या भिंतीला काही झालं नव्हतं ती झाड गेल्यावर उचलली जाऊ शकते. तेव्हा तड्यावर उपाय म्हणून झाड तोडण्याआधी खड्डा घेऊन मूळ खरंच तिथे आहे का ते बघा. खड्डा दोघांच्या देखत घ्या.

शेजाऱ्याशी बोलणं हे ओळंब्याच्या आधीचं काम की नंतरचं, यावर मतं निघतील. माझ्या मते आधीचं. फांदी पडल्यावर केलेलं बोलणं भांडणच होतं. ‘आप्पा, झाड तुमच्याकडे कलतंय, उद्या सकाळी दोघं मिळून बघून घेऊ’ एवढं म्हणायला काही खर्च येत नाही, आणि पलीकडून झाडाची जी बाजू दिसते ती तुम्हाला अलीकडून दिसतही नसते. सोबत बघितल्यावर ठरलेलं दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या करा. हद्दीचाच वाद असेल, झाड नेमकं कुणाच्या जागेत हेच पक्कं नसेल, तर आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. बाकी सगळं त्यानंतर.

तुम्ही भिंतीच्या पलीकडचे, म्हणजे ज्यांच्याकडे झाड झुकलंय ते असाल, तर तोंडी सांगून थांबू नका. फोटोसह लेखी कळवा आणि पोच घ्या. कायद्याच्या नजरेत याला वजन आहे. झाड धोकादायक आहे हे माहीत असून किंवा सहज कळण्यासारखं असून मालकाने काही केलं नाही, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते. रस्त्यावरच्या झाडाची फांदी अंगावर पडून दिल्लीत एका स्कूटरस्वाराचा मृत्यू झाला होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये महापालिकेला जबाबदार धरलं. खासगी मालकालाही हेच तत्त्व लागू पडतं. बाहेरून निरोगी दिसणारं झाड आतल्या, न दिसणाऱ्या दोषामुळे पडलं तर गोष्ट वेगळी.

फांदी हद्द ओलांडून आली तर आपल्या हद्दीपुरती ती छाटण्याचा हक्क शेजाऱ्याला आहे. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९४ मध्ये हे मान्य केलं आणि आपल्याकडची न्यायालयंही त्याच वाटेने गेली. पण दुसऱ्याच्या अंगणात पाय ठेवून छाटता येत नाही, आणि छाटलेलं लाकूड, फळं मालकाचीच राहतात. पाडाचे आंबे पलीकडे पडतात त्यावरून रुसवे होतात. ते कायद्याऐवजी टोपलीभर आंब्यांनी मिटवावेत हे बरं.

मात्र हा हक्क वापरण्याआधी नगरपालिकेचं दार बघावं लागतं. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर या नगरपालिकांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ बघावा लागतो. झाड तुमच्या मालकीचं, तुमच्या अंगणातलं असलं तरी तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे द्यायचा. तो जागेवर येऊन झाड बघतो, जाहीर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात. निर्णयासाठी साठ दिवसांची मुदत कायद्यात आहे, म्हणून मघाशी फेब्रुवारी-मार्च म्हटलं. झाड जिवाला किंवा मालमत्तेला धोक्याचं आहे, हे अर्जात ठळक लिहा; फोटो, ओळंब्याची मापं, शेजाऱ्याची सही जोडा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं ‘वारसा वृक्ष’ ठरली आहेत, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावण्याची अट आली आहे. जाळणं, इजा करणं हेही या कायद्यात तोडण्यातच धरलं जातं. खोडाला भोक पाडून हिंग किंवा ॲसिड ओतण्याचा सल्ला देणारे महाभाग प्रत्येक गल्लीत असतात. त्यांचं ऐकलंत तर गुन्हा होईलच, शिवाय वाळलेलं झाड त्याच भिंतीवर फांदी-फांदीने कोसळत राहील. फांद्यांची मोठी छाटणी करायची असली तरी नगरपालिकेत विचारूनच कुऱ्हाड उचला.

गावात, नगरपालिकेच्या बाहेर, १९६४ चा झाडे तोडण्याबाबतचा कायदा बघावा लागतो. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, मोह, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, खैर, चंदन, ऐन, अंजन, हळदू, बिजा अशी झाडं आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला परसातलं कललेलं झाड बहुधा आंबा नाहीतर मोहच असतं, म्हणजे परवानगीची गरज असतेच. वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा; अक्कलकुवा-तळोद्याच्या बाजूला मेवासी वनविभागाचं कार्यालय तळोद्यात आहे. आदिवासी खातेदाराच्या जमिनीतलं झाड विकायचं असेल तर १९६९ चा आणखी एक कायदा आहे, तो व्यापाऱ्याने नाडू नये म्हणूनच केलेला. ‘झाड पडायला झालंय, आम्ही उचलून नेतो’ म्हणत येणाऱ्याला परस्पर हो म्हणू नका. वाहतुकीचा परवाना लागतो का, तेही आधी विचारा.

आणि मालक दादच देत नसेल तर? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. १ जुलै २०२४ च्या आधी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं. झाड पडून आसपास राहणाऱ्या किंवा जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांना इजा होईल अशी स्थिती असेल, तर ते काढून टाका किंवा त्याला आधार द्या, असा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आधार द्या हा पर्यायही या कलमात आहे, हे ध्यानात असू द्या. तोडणं हा एकच उपाय कायदाही मानत नाही.

आता उपायांकडे. झाड लहान असेल, खोड मनगटाएवढं, तर पावसाने जमीन मऊ असताना हळूहळू सरळ करता येतं. कलाच्या उलट बाजूला मजबूत खुंटा ठोका, खोडाला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून त्यावरून दोर ताणा, आणि आठवड्याला थोडं थोडं ओढा. एकदम ओढलंत तर पलीकडची मुळं मोडतील. वर्षभराने दोर काढायचा. विसरलात तर तो सालीत रुतून खोड कापेल. मोठं झाड मात्र ट्रॅक्टरला साखळदंड बांधून सरळ करण्याच्या फंदात पडू नका. उभं राहिलेलं दिसेल, पण मुळं आतून तुटलेली असतील.

मोठ्या झाडावरचं ओझं कमी करणं हा बऱ्याच वेळा पुरेसा उपाय असतो. भिंतीकडच्या, लांब गेलेल्या जड फांद्या हलक्या करायच्या. एका वेळी एकूण पालवीच्या पाव भागापेक्षा जास्त काढू नये. शेंडा सपाट छाटून झाडाचा खुंट करू नका. त्यातून फुटणारे कोंब वरवर चिकटलेले असतात आणि पाच वर्षांनी तेच आधी मोडतात. जाड फांदी कापताना आधी खोडापासून हातभर दूर खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप, आणि फांदी पडल्यावर उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगवट्याला धक्का न लावता कापायचा. असं केलं नाही तर फांदी पडताना साल सोलत खाली जाते. आंब्याच्या जखमेवर बोर्डो पेस्ट लावण्याची बागायतदारांची पद्धत आहे, ती चालू ठेवा. कापण्याआधी फांद्यांत घरटी आहेत का बघा. पावसाळ्यात बगळ्यांसारखे पक्षी वसाहती करतात, आणि वन्यजीव कायद्याचं संरक्षण घरट्यांनाही आहे.

मूळ भिंतीला भिडलं असेल तर मूळ कापण्याआधी भिंतीत बदल करता येतो का बघा. भिंत पुन्हा बांधता येते. मूळ जिथून जातं तिथे दोन विटा काढून वर छोटं लिंटल टाकलं की भिंत मुळावरून सुखरूप जाते; गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम. खोड भिंतीला टेकलं असेल तर भिंतीला खाच द्या, खोडाला नको. बुंध्याच्या जाडीच्या तिप्पट अंतराच्या आतलं जाड मूळ कापलं की झाडाचा पाय ढळतो, पाचपट अंतर सोडलं तर निभावतं. अंगणाच्या बाजूला तर एवढ्या अंतरात कुदळ लावूच नका. भिंतीलाच टेकू समजून झाड तिच्यावर रेलू देणं, किंवा झाड सावरावं म्हणून बुंध्याशी मातीचा ढीग रचणं, हेही टाळा. कंपाउंडची चार-नऊ इंची भिंत झाडाचा भार पेलण्यासाठी बांधलेली नसते, आणि ढिगाखाली बुंधा कुजतो.

सल्ला कुणाचा घ्यायचा? लाकडाच्या बदल्यात फुकट झाड तोडून देणारे भेटतात. त्यांच्या मते प्रत्येक झाड धोकादायकच असतं. निदान करणारा आणि लाकूड नेणारा एकच माणूस असू नये, एवढं पाळा. कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रातले किंवा नंदुरबारच्या कृषी महाविद्यालयातले जाणकार, नगरपालिकेचा वृक्ष अधिकारी, वन खात्यातला अनुभवी वनपाल, यांच्यापैकी कुणी तरी झाड बघितलेलं बरं. जवळून विजेची तार जात असेल तर कुऱ्हाडीआधी महावितरणचा लाइनमन. १९१२ हा क्रमांक त्यासाठीच आहे. ओल्या फांदीतून करंट उतरतो.

भेग रुंदावतेय, कुरकुर ऐकू येतेय, झाड चोवीस तासांत सरकल्याचं खुंटीवरून दिसतंय, अशा वेळी अर्ज-फाटे नंतर. झाडाची उंची जितकी, तितक्या आणि थोड्या जास्त अंतरातून माणसं, गुरं, गाड्या बाजूला काढा. पलीकडच्या खोलीत कुणी झोपत असेल तर त्यांना रात्रीपुरतं दुसरीकडे हलवा. नगरपालिकेला किंवा तहसील कार्यालयाला फोन करा आणि फोटो काढून ठेवा. झाड पडून भिंत किंवा घर मोडलं, तर उचलाउचल करण्याआधी तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्या.

झाड काढावंच लागलं तर भिंतीलगतचा बुंधा जेसीबीने उपटू नका, पाया हलतो. जमिनीलगत कापून कुजू द्या. नवं झाड लावताना आंबा, कडुनिंब, जांभूळ भिंतीपासून निदान पाच मीटर सरकवा. तेवढी जागा नसेल तर सीताफळ, कढीपत्ता, पारिजातक, लिंबू यांपैकी काहीतरी, दोन-अडीच मीटरवर. पिशवी फाडून मुळं सोडवून लावा, आणि पहिली दोन वर्षं पाणी चारी बाजूंनी द्या. एकाच अंगाला नळी सोडून ठेवली तर मुळंही त्याच अंगाला जातात.